विल्यमचा किनारा आज कुरणाखाली आहे

नॉर्मंडीचा (आजच्या उत्तर फ्रान्समधला) ड्यूक विल्यम इंग्लंड जिंकायला २८ सप्टेंबर १०६६ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पेव्हेन्सीला उतरला. नेमका कुठं, हे आजच्या नकाशावर बोट ठेवून सांगता येत नाही. तिथला रोमन कोट आता समुद्रापासून किलोमीटरभराहून जास्त आत आहे. तेव्हा त्याच्याभोवती भरतीचं पाणी खेळायचं. आजूबाजूच्या रिकनी, चिली, नॉर्थआय या नावांतला शेवटचा उच्चार जुन्या इंग्रजीतल्या ‘बेट’ या शब्दाचा आहे. आज तिथं गुरं चरतात.

म्हणून आधी १०६६ चा किनारा आखावा लागतो, आणि त्याचे उत्तम साक्षीदार म्हणजे फोरामिनिफेरा, कवचधारी एकपेशीय जीव. एकेक मीटरच्या दांड्या जोडत पन्हळीसारखं पातं गाळात दाबायचं, वर आलेल्या गाळाच्या उभ्या गाभ्यातून दर काही सेंटीमीटरला नमुना घ्यायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कवचं मोजायची. ट्रोकॅमिना इन्फ्लाटा हा जीव गाळाचे कण चिकटवून कवच बांधतो आणि भरतीरेषेजवळच्या खाजणात राहतो. हेनेसिना जर्मानिका चुन्याचं कवच करतो; तो उघड्या चिखलात, खालच्या पातळीवर सापडतो. दोघांचं प्रमाण पाहिलं की तो थर भरतीच्या कोणत्या उंचीवर साचला ते कळतं. एवढ्याशा जिवांनी भरतीची उंची लिहून ठेवावी, हे विलक्षण आहे!

चूक इथंच होते. कुजलेल्या वनस्पतींच्या आम्लात चुन्याची कवचं विरघळतात. ती दिसली नाहीत म्हणून ‘इथं चिखल नव्हता’ म्हणणं धोक्याचं. शिवाय असे मऊ थर वरच्या वजनानं दबतात आणि मूळ उंचीपेक्षा खाली सापडतात. म्हणून कठीण जमिनीवर थेट टेकलेला थर निवडतात. थराचं वय काढणाऱ्या कार्बन-१४ चाचणीसाठी शिंपला घेतला तर समुद्रातल्या जुन्या कार्बनमुळे वय सुमारे ४०० वर्षांनी जास्त येतं. त्याच थरातल्या खाजणी गवताची देठं घ्यावीत, वरून घुसलेली मुळं टाळावीत. तरीही उत्तर अनेक दशकांच्या पट्ट्यातच येतं, एका वर्षावर नाही.

त्यामुळे जहाजाचा एखादा खिळा किंवा नकाशावरची रेघ दाखवून ‘जागा सापडली’ असा गाजावाजा करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. नॉर्मन जहाजं उथळ पाण्यात चालणारी होती, पण घोडे मऊ चिखलात उतरवले तर रुततात. तेव्हा भरतीचं पाणी पोचणारी आणि पायाखाली घट्ट वाळू-गोटे असलेली जागा शोधायची, आणि गाभे आधी तिथंच घ्यायचे.