जुगार विकृती : उपचार

गंभीर आर्थिक, कौटुंबिक वा मानसिक हानी होत असूनही जुगार आवरता न येणे, या अवस्थेवर संशोधनाचा पुरावा, चिकित्सकाचा अनुभव आणि सेवार्थीची (उपचार घेणाऱ्या व्यक्तीची) इच्छा यांची सांगड घालून केले जाणारे उपचार.

ही विकृती कोणत्या वर्गात मोडते, हा वाद जुना असून उपचारांची दिशा बरीचशी त्यावरून ठरत आली आहे. मनोविश्लेषणवाद्यांनी तिचा उगम अबोध अपराधभावात शोधला. सिग्मंड फ्रॉइड यांचा रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीवरील १९२८ चा निबंध याच धारणेचा आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली तिला प्रथमच स्थान मिळाले, ते आवेग-नियंत्रणाच्या विकृतींमध्ये. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत मात्र ती व्यसनविकृतींत हलविण्यात आली, गुन्हेगारी कृत्यांचा निकष गळाला आणि बारा महिन्यांच्या काळात नऊपैकी किमान चार निकष आढळल्यास निदान करावे, असे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणानेही हाच मार्ग धरला. अनावर ओढ, त्याच थरारासाठी अधिकाधिक रक्कम पणाला लावण्याची गरज आणि खेळ थांबवताच येणारी अस्वस्थता या खुणा पाहता व्यसनपक्ष अधिक ग्राह्य वाटतो. तथापि येथे शरीरात कोणताही पदार्थ जात नाही. त्यामुळे पुन्हा खेळणे सुरू झाले आहे काय, हे रक्ततपासणीने कळत नाही. ते सेवार्थीने किंवा घरच्यांनी सांगावे लागते.

सर्वाधिक पुरावा बोधात्मक वर्तनोपचाराच्या, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराच्या, बाजूने आहे. त्याचा गाभा म्हणजे यदृच्छेविषयीच्या (निव्वळ योगायोगाविषयीच्या) चुकीच्या समजुती दुरुस्त करणे. नाणे सलग पाच वेळा छापा पडले, तर सहाव्यांदा काटा येण्याची शक्यता किती, असे विचारल्यावर ‘निम्मी’ हे उत्तर बहुतेक सेवार्थी बरोबर देतात. पण डाव रंगात असताना तीच व्यक्ती ‘आता माझी पाळी आलीच’ असे मानून चालते. म्हणून कॅनडातील रोबेर लादुसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळताना मनात येणारे विचार मोठ्याने बोलायला लावण्याची पद्धत वापरली. थोडक्यात हुकलेला डाव हाही हरलेलाच डाव असतो, हे अशा वेळी सेवार्थीला आपल्याच बोलण्यातून उमगू शकते. याच्या जोडीने पगाराचा दिवस, एकटेपणा, घरातले भांडण असे ओढ जागवणारे प्रसंग हेरून पर्यायी वर्तन ठरवले जाते. नॅन्सी पेट्री यांच्या २३१ जणांवरील २००६ च्या चाचणीत, स्वमदत गटाकडे नुसते पाठविण्यापेक्षा आठ सत्रांचा असा उपचार सरस ठरला. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेने मात्र, हा लाभ उपचारानंतरच्या सुमारे तीन महिन्यांपर्यंतच पुरेसा सिद्ध होतो, असा सावध निष्कर्ष काढला.

प्रेरणात्मक मुलाखतीत सेवार्थीची द्विधा मनःस्थिती वाद न घालता त्याच्याच शब्दांत पुढे आणली जाते. टाळाटाळ करणाऱ्यांना उपचारांत टिकवून धरण्यास ती विशेष उपयुक्त आहे. गॅम्ब्लर्स अनॉनिमस ही १९५७ साली लॉस अँजेलिस येथे सुरू झालेली स्वमदत चळवळ अनेकांना आधार देते; मात्र तीत गळती मोठी असते.

औषधांपैकी मेंदूतील अफूवर्गीय ग्राही (अफूसारखी द्रव्ये जिथे जोडली जातात त्या जागा) रोखणाऱ्या नाल्ट्रेक्सोनला काही चाचण्यांचा पाठिंबा आहे. छद्मौषधानेही (औषधी द्रव्य नसलेल्या, औषधासारख्या दिसणाऱ्या गोळीनेही) अनेकांना बरे वाटत असल्याने निष्कर्ष जपून घ्यावे लागतात. सेवार्थी कंपवातावरील डोपामिनसदृश (मेंदूतील डोपामिन या रसायनासारखे काम करणारी) औषधे घेत असल्यास, जुगाराची ओढ त्यांतूनच उद्भवली असण्याची शक्यता आधी तपासावी. मात्र ती औषधे त्याने परस्पर बंद करू नयेत.

संपूर्ण त्याग की नियंत्रित खेळ, या ध्येयाबाबत मतभेद आहेत. काहींना मर्यादित खेळणे साधते, असे पाठपुराव्याच्या अभ्यासांत आढळले आहे. तीव्र विकृतीत त्याग हेच सुरक्षित ध्येय मानणे श्रेयस्कर. तरीही पहिल्याच भेटीत ते लादल्यास सेवार्थी परत न येण्याचा धोका असतो. ब्लाझ्चिन्स्की व नॉवर या संशोधकांनी २००२ मध्ये ही विकृती जडण्याचे वर्तनातून जडलेली सवय, भावनिक दुबळेपणा आणि समाजविघातक आवेगशीलता असे तीन मार्ग मांडले. सर्वांना एकच साचा लावू नये, या मताला त्यातून बळ मिळते.

पैशांचे व्यवहार तात्पुरते विश्वासू व्यक्तीकडे सोपविणे, जुगारस्थळी वा संकेतस्थळावर स्वतःच्या प्रवेशबंदीची नोंद करणे आणि कर्जफेडीचे वेळापत्रक आखणे ही कामे मानसोपचारांच्या बरोबरीनेच हाती घ्यावी लागतात. नातेवाइकांनी एकरकमी कर्ज फेडून टाकल्यास पुन्हा खेळायला वाट मोकळी होऊ शकते. आत्महत्येचा धोका या विकृतीत लक्षणीय असल्याने त्याविषयी पहिल्याच भेटीत थेट आणि मायेने विचारावे. कर्जाचा आकडा घरी प्रथमच उघड होतो, तेव्हा ही विचारपूस पुन्हा करणे अगत्याचे आहे.