किशोरींचा नागरी सहभाग व पैरवी

आपल्या वस्तीत, शाळेत किंवा देशात होणाऱ्या सार्वजनिक निर्णयांत किशोरवयीन मुलींनी संघटितपणे भाग घ्यावा आणि गरज तिथे ते निर्णय बदलून घ्यावेत, यासाठी चालवले जाणारे उपक्रम. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे किशोरवय मानते. प्रश्न समजून घेणे, माहिती जमवणे, सभांना आणि सुनावण्यांना हजर राहणे हा झाला नागरी सहभाग. ठरावीक मागणी घेऊन ती मान्य करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीकडे जाणे आणि निकाल लागेपर्यंत पाठपुरावा करणे म्हणजे पैरवी. वक्तृत्व स्पर्धांना आणि नेतृत्व शिबिरांनाही हे नाव सर्रास दिले जाते. पण मागणी कोणाच्याच टेबलावर पोहोचत नसेल, तर त्याला पैरवी म्हणणे चूक आहे.

हक्कांचा आधार. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या १२व्या कलमानुसार, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला व मुलीला स्वतःशी संबंधित सर्व बाबींत ते मांडण्याचा हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन दिले गेले पाहिजे. १५वे कलम संघटना करण्याचे व शांततेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देते. १९९५च्या बीजिंग महिला परिषदेच्या कृती आराखड्यात मुलींना स्वतंत्र प्रकरण मिळाले. २०१२पासून ११ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय बालिका दिन पाळला जातो. बहुतेक देशांत मतदानाचे वय मात्र १८ आहे (ऑस्ट्रियाने ते २००७मध्ये १६ केले). त्यामुळे मुलींच्या हाती उरतात ती साधने म्हणजे निवेदन, सुनावणी, वृत्तपत्रे, शांततापूर्ण निदर्शने आणि न्यायालय.

या साधनांनी काय साधते, याचे दाखले आहेत. एप्रिल १९५१मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्स हिने कृष्णवर्णीयांच्या शाळेतील गर्दी आणि कागदी छपराच्या खोल्यांविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप घडवला. त्यातून उभा राहिलेला दावा शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या ‘ब्राऊन’ खटल्याचा भाग झाला. ब्रिटनमध्ये अमिका जॉर्ज हिने १७व्या वर्षी, २०१७मध्ये, शाळांत पाळीची साधने मोफत मिळावीत म्हणून मोहीम सुरू केली. जानेवारी २०२०पासून इंग्लंडच्या सरकारी शाळांसाठी तशी योजना लागू झाली. मलावीमध्ये मेमरी बांदा आणि तिच्यासोबतच्या मुलींनी बालविवाहाविरुद्ध आवाज उठवला. तिथे २०१५च्या कायद्याने विवाहाचे वय १८ केले, तरी पालकांच्या संमतीने १५व्या वर्षी लग्नाला वाट देणारी तरतूद राज्यघटनेत शिल्लक होती. ती २०१७च्या घटनादुरुस्तीने गेली. कायदा झाला म्हणून २०१५मध्येच काम थांबले असते, तर ही पळवाट तशीच राहिली असती.

कार्यपद्धती. एका गटात १५ ते २० मुली आणि दोन सुलभकर्त्या (बैठक चालवणाऱ्या प्रौढ स्त्रिया) असाव्यात. आठवड्याला दीड तासाची एक बैठक धरली, तर पहिल्या मागणीचा निकाल लागायला सहा ते नऊ महिने जातात. १० ते १४ आणि १५ ते १९ असे वेगळे गट करणे बरे. मिश्र गटात धाकट्या बोलतच नाहीत. बैठकीची वेळ मुलींना विचारूनच ठरवावी. पाणी भरणे, स्वयंपाक, धाकट्या भावंडांना सांभाळणे या वेळांवर बैठक ठेवली की घरकामाचा भार सर्वांत जास्त असलेल्या मुली सर्वांत आधी गळतात आणि गट आपोआप सुस्थितीतल्या मुलींचा होतो.

पहिले दोन महिने परस्पर विश्वास आणि प्रश्नांची यादी यांत जातात. मग एकच प्रश्न निवडायचा. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: तो बहुतेकींना भिडतो का, त्यावर निर्णय कोण घेतो हे नाव-पदासह सांगता येते का, आणि वर्षभरात काही हलू शकते का. दुसऱ्या कसोटीवर निम्मी यादी गळते, आणि ते चांगलेच. ‘समाजाची मानसिकता बदला’ ही मागणी कोणत्याही एका अधिकाऱ्याला मान्य करता येत नाही.

यानंतर पुरावा जमवणे. रस्त्यावरील असुरक्षिततेसाठी सुरक्षा पाहणी हे साधन जगभर वापरले जाते; त्याची सुरुवात १९८९मध्ये टोरंटोत झाली. चार-पाच मुली आणि एक प्रौढ व्यक्ती दिवस मावळल्यानंतर साधारण एक किलोमीटरचा रस्ता चालतात. एकीच्या हाती नकाशा, दुसरीच्या हाती वही, तिसरीच्या हाती घड्याळ. प्रत्येक खांबाशी थांबून दिवा चालू आहे का, पुढच्या खांबापर्यंत माणसाचा चेहरा ओळखू येतो का, झुडपे किंवा भिंत वाट अडवते का, हाक मारली तर ऐकणारे कोणी आहे का, हे टिपले जाते. तोच रस्ता दिवसाही पाहावा, म्हणजे वाटेतल्या शौचालयाचे तुटलेले दार, नसलेली कडी, बंद नळ दिसतात.

निवेदन एका पानाचे असावे. ‘रस्त्यावर अंधार असतो, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे लिहिले की योग्य कार्यवाही काय, हे समोरचाच ठरवतो. ‘शाळेमागच्या रस्त्यावरील ११ खांबांपैकी ६ दिवे बंद आहेत, खांबांचे क्रमांक सोबत जोडले आहेत, ३० दिवसांत दुरुस्ती व्हावी आणि लेखी कळवावे’ असे लिहिले की उत्तर टाळणे अवघड जाते. निवेदनाची एक प्रत स्वतःकडे ठेवून तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. मुली आहेत म्हणून अधिकारी कौतुक करतात, चहा विचारतात, फोटो काढतात, आणि या गोडव्यात पोच मागायचीच राहून जाते. पुढच्या भेटीत निवेदन सापडत नाही आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

बिघाड कुठे होतो. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे हाताळणी, सजावट आणि दिखावा, ते सहभागात धरतच नाहीत. प्रौढांनी लिहून दिलेले भाषण पाठ करून म्हणणारी मुलगी याच पायऱ्यांवर उभी केलेली असते. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७मध्ये बालहक्क संहितेच्या १२व्या कलमासाठी चार अटी सांगितल्या: जागा, आवाज, श्रोता आणि प्रभाव. बहुतेक उपक्रमांचा पैसा आणि वेळ पहिल्या दोन अटींवर संपतो. मुलींना बोलायला शिकवले जाते. ऐकायला कोण येणार आणि ऐकून काय करणार, हे कोणी ठरवत नाही. त्यामुळे कार्यक्रमाला अधिकाऱ्यांना बोलावतानाच ‘अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर देऊ’ असे कबूल करून घ्यावे. मागणी नाकारली गेली तरी कारणांसह आलेला नकार उपयोगी असतो, कारण त्यावर वरच्या पातळीवर जाता येते.

सुरक्षितता. ही बाब सर्वांत गंभीर आहे. जाहीरपणे बोलणाऱ्या मुलीला मुलापेक्षा जास्त किंमत मोजावी लागते: चारित्र्यावर शेरे, समाजमाध्यमांवर छळ, घराबाहेर पडण्यावर बंदी, कधी घाईने उरकलेले लग्न. म्हणून पालकांची लेखी संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत; आणि होकार कोणत्याही टप्प्यावर मागे घेता आला पाहिजे. फोटो, पूर्ण नाव आणि शाळेचे नाव एकत्र छापू नये. अत्याचाराचा अनुभव मंचावर सांगायला लावू नये. तीच गोष्ट पाहणीच्या आकड्यांतून मांडता येते. एकाच मुलीला ‘चेहरा’ केले की रोष तिच्या एकटीवर येतो, म्हणून बोलणाऱ्या तिघी-चौघी असाव्यात आणि त्या आळीपाळीने बोलाव्यात. गटात एखादी मुलगी छळ उघड करील हे गृहीत धरून, कोणाला कळवायचे आणि कुठे न्यायचे याची व्यवस्था पहिल्या बैठकीआधी तयार असावी.

दर वर्षी थोरल्या मुली शिक्षणासाठी, कामासाठी किंवा लग्नामुळे गटाबाहेर जातात. त्यांच्यासोबत अधिकाऱ्यांची नावे, मागच्या आश्वासनांच्या तारखा आणि अर्धवट मागण्याही जातात. त्यामुळे निवेदनांच्या प्रती, पोच आणि भेटींची नोंदवही एका फायलीत ठेवून ती सुपूर्द करण्यासाठी जुन्या आणि नव्या मुलींच्या निदान दोन बैठका एकत्र घ्याव्या लागतात.