पोरांच्या हातात बोथट कुऱ्हाड देऊ नका

थंडी सुरू झाली की निफाडकडे शेकोटीसाठी लाकडं फोडायला घेतात आणि पोरंही मागे लागतात, तेव्हा घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, त्याला ती जुनी बोथट कुऱ्हाड दे, लागायची नाही. लहानपणापासून हेच ऐकतोय आणि हे साफ चुकीचं आहे.

धारदार पातं लाकडात रुततं. बोथट पातं उडतं नाहीतर घसरून बाजूला जातं, आणि बाजूला पोराचा पायच असतो. शिवाय धार नाही म्हणून पोर जास्त जोर लावतं, जोर वाढला की नेम गेला. आणि बोथट असली तरी लोखंडच आहे ना, हाड मोडायला धार कशाला लागते?

दुसरं म्हणजे लाकूड फोडायला नुसती ताकदच लागते हा गैरसमज. कुऱ्हाड पाचरीसारखी काम करते, आत शिरताना लाकडाला दोन्हीकडे ढकलते, म्हणून लाकडातल्या उभ्या रेषांच्या दिशेने मारलं की फटकन फुटतं. सुकलेल्या ओंडक्याच्या तोंडावर चिरा दिसतात, तिथे मारायचं, गाठ टाळायची. पोरगं हे बघायला शिकतं, खरी मजा त्यातच आहे! बाभळीची गाठ तर मोठ्यांनाही दमवते.

सुरुवात बारक्या सरळ लाकडाने करा, मोठं माणूस जवळ हवंच. खाली जाड ठोकळा, म्हणजे घाव चुकला तरी पातं ठोकळ्यात अडकेल. पाय फाकवून उभं राहायचं, चप्पल नको बूट घाला, डोळ्यांना चष्मा, बाकीची पोरं लांब. आणि हात दमले की लगेच थांबायचं, ‘अजून एकच’ म्हणायचं नाही.