गेलेल्या माणसाची मेंदूतील जागा

नागपुरात एखाद्या कथासंग्रहाचे प्रकाशन असो की एखाद्या दिवंगत लेखकाची शोकसभा, व्यासपीठावरून एक विधान हमखास ऐकू येते: लहानपणी आई गेली, त्या दुःखाने त्यांना लेखक केले. श्रोते माना डोलावतात, कारण विधान पटण्यासारखे असते आणि उदाहरणेही हाताशी असतात. माझा या विधानाला आक्षेप आहे. कुटुंबातील मृत्यूचा कथाकाराच्या आयुष्यावर खोल परिणाम होतो, यात शंका नाही. परंतु तो कसा होतो याविषयी मेंदूविज्ञानाने गेल्या काही दशकांत जे उलगडले आहे, ते इतके विलक्षण आहे की त्याऐवजी एक भावुक सूत्र सांगून मोकळे होणे मला मान्य नाही.

आधी आकड्यांकडे पाहू. १९७८ साली मार्व्हिन आयझेनस्टॅट या मानसशास्त्रज्ञाने विश्वकोशांत मोठ्या नोंदी असलेल्या ५७३ नामवंतांची चरित्रे तपासली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ४५ टक्के व्यक्तींचे आई किंवा वडील त्यांच्या वयाच्या विशीपर्यंतच वारले होते, असे दिसून आले. हा आकडा ऐकून चकित होण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जुन्या काळी आईवडिलांचे अकाली निधन ही घरोघरची घटना होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे मरण पावली आणि १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. त्या वर्षांत पोरकी झालेली मुले लाखोंच्या संख्येत असतील. त्यांपैकी लेखक झालेली बोटांवर मोजण्याइतकी. ज्यांनी लिहिले त्यांचीच चरित्रे आपण वाचतो, आणि मग मृत्यू आणि लेखन यांच्यात थेट कार्यकारणभाव असल्याचा भास होतो.

तर मग आप्ताच्या मृत्यूनंतर मेंदूत घडते तरी काय? येथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण या विषयातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत एक खूण दिसली की काही क्षणांनी फळांचा रस मिळायचा. माकडे हे शिकली, तसा त्यांच्या मेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या चेतापेशींचा प्रतिसाद रसाकडून खुणेकडे सरकला. खूण दिसताच पेशी उत्तेजित होत. अपेक्षेप्रमाणे रस मिळाल्यावर मात्र शांत राहत. नंतर शास्त्रज्ञांनी खूण दाखवली, पण रस दिला नाही. तेव्हा ज्या क्षणी रस मिळायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी या पेशींची क्रिया नेहमीच्या पातळीच्याही खाली गेली. बाहेरच्या जगात त्या क्षणी काहीही घडलेले नव्हते, तरीही मेंदूने त्या न घडण्याची वेळेसह नोंद केली. अपेक्षा आणि वास्तव यांतील या तफावतीला शास्त्रज्ञ ‘अंदाजातील त्रुटी’ म्हणतात, आणि आपले बरेचसे शिकणे या त्रुटीच्या आधारेच होते.

आता मार्च सरता सरता नागपूरच्या घराघरांत काय चालते ते आठवा. माळ्यावरचा कूलर खाली उतरतो, जुन्या ताट्या निघतात, नव्या बसवल्या जातात, त्यांवर पहिल्यांदा पाणी पडले की वाळ्याचा वास खोलीभर पसरतो. ज्या घरी हे काम वर्षानुवर्षे वडिलांनी केले, त्या घरी त्यांच्या निधनानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तो वास ही खूण ठरते. मेंदू वडिलांच्या आवाजाचा, पान्ह्याच्या खटखटीचा, ‘मोटर चालू कर रे’ या हाकेचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज खोटा ठरतो. आठ महिने धीराने वावरलेला मुलगा अशा वेळी एकाएकी का कोसळतो, हे घरच्यांना कळत नाही. त्याचा धीर सुटलेला नसतो; ती खूण त्या वर्षी प्रथमच समोर आलेली असते. दिवाळीची पहाट, संत्र्याचा बहार, पगाराचा दिवस, रात्री फाटकाची कडी वाजण्याची वेळ, अशा असंख्य खुणा असतात आणि प्रत्येकीपाशी मेंदूला नव्याने शिकावे लागते. दुःख ओसरायला इतका काळ का लागतो, याचे एक मोठे कारण यात दडलेले आहे.

या शिकण्याचा आणखी एक पैलू नॉर्वेत उजेडात आला. आपण कोठे आहोत आणि कोणती वस्तू कोठे आहे याचा नकाशा मेंदूत हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स हे भाग तयार करतात. या संशोधनासाठी जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोसर आणि एडवर्ड मोसर यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अल्बर्ट त्साओ आणि मोसर दांपत्याने २०१३ मध्ये उंदरांच्या मेंदूत पाहिले की, पेटीत ठेवलेल्या वस्तूपाशी उंदीर आला की बाजूच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समधील काही पेशी उत्तेजित होतात. मग त्यांनी वस्तू काढून घेतली. त्यानंतर काही पेशी अशा सापडल्या, ज्या वस्तू पूर्वी जेथे होती त्या रिकाम्या जागी उंदीर आला की उत्तेजित होत होत्या, आणि वस्तू काढल्याला दिवस उलटले तरी ही क्रिया टिकून होती. म्हणजे मेंदूच्या नकाशात रिकाम्या जागेचीही स्वतंत्र नोंद असते. उंदराच्या पेटीवरून माणसाच्या शोकाकडे उडी घेताना सावध राहावे लागते, हे खरे. तरीही शोकग्रस्त मेंदूचा अभ्यास करणाऱ्या मेरी-फ्रान्सिस ओकॉनर यांनी याच प्रयोगाचा आधार घेतला आहे. त्यांच्या मते शोकात दोन नोंदी एकमेकींशी भांडत असतात. ‘ते गेले, मी समोर होतो’ ही एका विशिष्ट घटनेची स्मृती असते. ‘ते माझे आहेत आणि असणारच’ हे शेकडो दिवसांच्या सहवासातून मुरलेले, तारीख-वार नसलेले ज्ञान असते. पहिली नोंद एका दिवसात होते. दुसरी बदलायला वर्षे लागतात. शिवाय पाव्हलोव्हच्या काळापासून हे ठाऊक आहे की, खुणेमागे काहीच येत नाही असे शिकल्यावरही जुने शिकणे पुसले जात नाही. नवे शिकणे केवळ त्याच्यावर बसते, आणि परिस्थिती बदलली की जुने पुन्हा वर येते. दहा वर्षांनी परगावी कोणाच्या कूलरचा वास आला आणि डोळे भरून आले, तर त्याचे कारण हे आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. डेवी रीस या डॉक्टरांनी वेल्समधील २९३ विधवा व विधुरांशी बोलून १९७१ मध्ये लिहिले की, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना मृत जोडीदार जवळ असल्याचा, दिसल्याचा किंवा बोलल्याचा अनुभव आलेला होता. आणि बहुतेकांनी तो कोणाला सांगितला नव्हता. हा अनुभव मेंदूच्या न सुधारलेल्या अंदाजांतून येत असावा, आणि तो वेडाचे लक्षण नाही. पण आपल्याकडे कोणी असे बोलून दाखवले की ‘आत्मा अडकला आहे’ म्हणणारा कोणीतरी दारात हजर होतो आणि शोकात बुडालेल्या कुटुंबाकडून हजारो रुपये उकळतो. असल्या शोषणाविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे; त्याचा आधार घ्यावा. मृताच्या आवाजात बोलणारे संगणकीय संवादयंत्र विकणाऱ्यांचे दावेही याच नजरेने तपासावेत. ज्या नोंदीची दुरुस्ती व्हायची आहे, तिलाच ते रोज खतपाणी घालू शकते.

आता कथेकडे येऊ. डेमिस हसाबिस, एलेनॉर मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच रुग्णांना सांगितले, की आपण समुद्रकिनाऱ्यावर पहुडलो आहोत अशी कल्पना करा आणि काय दिसते ते सांगा. या रुग्णांना भूतकाळ आठवत नव्हता, हे अपेक्षितच होते. पण बहुतेकांना कल्पनेतला किनाराही नीट उभा करता आला नाही. सुटे तुकडे आले, सलग दृश्य आले नाही. आठवण काढणे आणि न घडलेले दृश्य रचणे ही दोन्ही कामे बऱ्याच अंशी एकाच यंत्रणेवर चालतात, असे त्यातून दिसते. म्हणूनच शोकग्रस्त माणूस आठवता आठवता रचू लागतो. ‘त्या रात्रीच मेडिकलला नेले असते तर’, ‘मी तो फोन उचलला असता तर’, ही वाक्ये ज्या घरात मृत्यू झाला त्या घरात कोणी ऐकली नसतील? यंत्रणा सर्वांपाशी आहे आणि शोकात ती सर्वांचीच जोरात चालते.

‘फ्रँकेन्स्टाइन’ची लेखिका मेरी शेली हिला जन्म देऊन अकराव्या दिवशी, १७९७ मध्ये, तिची आई वारली. १८१५ च्या मार्चमध्ये तिचे स्वतःचे दिवस न भरता जन्मलेले तान्हे मूल दगावले, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तिने रोजनिशीत एक स्वप्न नोंदवले: बाळ केवळ गारठले होते, शेकोटीपुढे चोळल्यावर ते जगले. पुढच्याच वर्षी अठरा वर्षांच्या या मुलीने निर्जीव देहात प्राण घालणाऱ्या शास्त्रज्ञाची कथा लिहायला घेतली. साने गुरुजींच्या बाबतीत हे अंतर कितीतरी मोठे आहे. त्यांची आई १९१७ मध्ये गेली, तेव्हा ते शिक्षणासाठी घरापासून दूर होते. आईच्या आठवणी त्यांनी लिहिल्या त्या १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत. त्या पुस्तकाची रचना पाहा: श्याम रोज रात्री आश्रमातील सोबत्यांना एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. प्रत्येक रात्री एक खूण घ्यायची, तिच्यापाशी थांबायचे, ऐकणाऱ्यांच्या सोबतीने तेथून परत यायचे. खुणांमागून खुणा ओलांडणाऱ्या मेंदूच्या शिकण्याशी ही रचना मला फार जुळणारी वाटते. हा माझा अन्वयार्थ आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नाही.

मग लिहिल्याने दुःख हलके होते काय? जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात जे विद्यार्थी चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आघाताविषयी भावनांसह लिहीत होते, त्यांच्या पुढील काही महिन्यांतील दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. याचा गवगवा खूप झाला. पण मार्गारेट श्ट्रोबे व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नुकताच जोडीदार गमावलेल्यांना असे लिहायला लावले, तेव्हा त्यांचे सावरणे त्यामुळे वेगाने झाले नाही. श्ट्रोबे आणि हेंक शूट यांच्या मते निरोगी शोकात माणूस दुःखाकडे जातो आणि तेथून रोजच्या व्यवहाराकडे परततो, असे हेलकावे चालू राहतात. वर्षभरानंतरही ज्याला परतता येत नाही आणि जगणेच थांबल्यासारखे होते, त्याला वही देऊन भागणार नाही, मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे लागते.

कथाकार घडण्याचा धागा मला दुसऱ्याच संशोधनात दिसतो. रॉबिन फिवश, इलेन रीस यांसारख्या संशोधकांनी घराघरांत मुलांशी भूतकाळाविषयी होणारे बोलणे वर्षानुवर्षे नोंदवले. जे पालक ‘मग काय झाले?’, ‘तेव्हा तुला काय वाटले?’ असे विचारत, मुलाच्या उत्तराला धरून पुढे बोलत, त्यांची मुले पुढे अधिक तपशिलाने आणि अधिक सुसंगतपणे आठवणी सांगू लागली. मोनिषा पसुपती यांच्या प्रयोगांत ऐकणाऱ्याचे लक्ष नसले, तर सांगणाऱ्याला ती गोष्ट पुढे कमी आठवते, असे दिसले. आपल्याकडे मृत्यू झाल्यापासून तेरवीपर्यंत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला घरचे माणूस शेवटच्या दिवसाची हकीकत सांगते: सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, थोडे अस्वस्थ वाटते म्हणाले. पहिल्या दिवशी ती तुटक असते. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत तिला क्रम येतो, कारण येते, कोठे थांबायचे तेही ठरते. दाराआड बसलेले मूल ती सगळी आवर्तने ऐकत असते. त्याला कोणी ‘तू आत जा’ म्हणून उठवले, की ‘आजोबांचे तुला काय आठवते’ म्हणून जवळ बसवले, यावर त्याचे पुढचे सांगणे बरेच अवलंबून असते, असे या सर्व संशोधनावरून माझे मत झाले आहे.