सेप्टिक टाकीजवळ अवजड यंत्रे (खान्देश)

जमिनीत पुरलेल्या संडासच्या टाकीजवळून जेसीबी, पोकलेन, डंपर, बोअरची गाडी किंवा भरलेली ट्रॉली नेताना आणि तिथे खोदकाम करताना घ्यायची खबरदारी. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतल्या बहुतेक गावांत आणि शहरांबाहेरच्या कॉलन्यांत भुयारी गटार नाही. मैल्याची सोय घराच्याच जागेत असते: अंगणात, परसात, जिन्याखाली, कधी थेट गल्लीच्या कडेला. वरून कोबा किंवा शहाबादी फरशी बसली की टाकी दिसेनाशी होते. उन्हाळ्यात तिच्यावर खाटा पडतात, बिबड्या आणि उडदाचे पापड वाळतात. त्याच उन्हाळ्यात, होळीपासून मृग लागेपर्यंत, बांधकामांची घाई असते आणि तासावर सांगितलेला जेसीबी त्याच अंगणात वळतो.

टाकी आणि तिचा स्लॅब

खान्देशातली घरगुती टाकी बहुधा विटांची, आतून सिमेंटचा गिलावा केलेली असते. सिमेंटच्या कड्या एकावर एक ठेवून केलेल्या आणि तयार प्लास्टिकच्या टाक्याही आता सर्रास दिसतात. भारतीय मानक आयएस २४७० प्रमाणे टाकीची रुंदी किमान ७५० मिलिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर आणि लांबी रुंदीच्या २ ते ४ पट असावी. गावात मात्र माप ठरते ते गवंड्याच्या अंदाजाने आणि उरलेल्या जागेने. मैला तळाशी बसतो, वर साय धरते आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते.

स्लॅब माणसांच्या वावरासाठी असतो. घराच्या जमिनीवर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने ३ चौरस मीटरच्या टाकीवर सगळा मिळून ६०० किलो भार येतो, तोही सारखा पसरलेला. नेहमीचा जेसीबी साडेसात टनांच्या आसपास असतो. त्याच्या मागच्या एकेका चाकाखाली हात-दीड हात जागेवर २ टनांहून अधिक वजन येऊ शकते. स्लॅबच्या मधोमध एवढे वजन एका ठिकाणी पडले तर त्याला सावरायला खाली काहीच नसते.

त्यातही स्लॅब जुना असला तर बांधताना होता तेवढाही दम त्याच्यात राहिलेला नसतो. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू वर चढून स्लॅबच्या ओल्या पोटाला लागतो, तिथले जिवाणू त्याचे गंधकाम्लात रूपांतर करतात आणि हे आम्ल सिमेंट खात जाते. सिमेंट गेले की सळई उघडी पडते, गंजते, फुगते आणि खालचे काँक्रीट खपल्यांनी गळू लागते. वरचा कोबा मात्र तसाच गुळगुळीत, सारवल्यासारखा दिसतो. म्हणून ‘वीस वर्षे झाली, काही झालं नाही’ या बोलण्यावर गाडी आत घेऊ नये. वीस वर्षे झाली असतील तर उलट जास्त जपले पाहिजे.

वजनांचा अंदाज

ट्रॅक्टर स्वतः २ टनांच्या आसपास असतो, पण ट्रॉलीत १ ब्रास (१०० घनफूट) वाळू भरली की तिचेच साडेचार टन होतात. २,००० विटांची ट्रॉली ६ टनांच्या घरात जाते. २०१८ च्या सुधारित नियमांनुसार दोन आसांच्या मालट्रकचे भारासह वजन १८.५ टन आणि तीन आसांच्या ट्रकचे २८.५ टनांपर्यंत चालते. मध्यम आकाराचा पोकलेन २० टनांचा असतो. त्याची साखळी वजन पसरवते, म्हणून तो मऊ रानात चाकाच्या गाडीपेक्षा कमी रुततो. टाकीच्या पोकळीवर या पसरण्याचा उपयोग नाही, कारण अख्खी साखळीच स्लॅबवर येते.

जेसीबीचे एक वागणे घरमालकाने स्वतः उभे राहून पाहण्यासारखे आहे. खोदताना ऑपरेटर मागचे दोन जॅक जमिनीवर टेकवतो, मशीन थोडे उचलले जाते आणि मागची चाके सैल होतात. आता मागचा सगळा भार जॅकच्या तळाच्या दोन पाट्यांवर असतो आणि बकेट मातीत ओढली जाताना तो क्षणाक्षणाला एका पाटीवरून दुसरीवर जातो. चाके टाकीपासून लांब उभी केली म्हणून निर्धास्त झालेला माणूस हे जॅक कुठे टेकले ते बघत नाही. बाहेर पसरलेला एक जॅक टाकीच्या कडेच्या विटांवर बसला तरी भिंत आत ढकलली जाते.

जमिनीचा स्वभाव

तापीकाठी, रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात गाळाची खोल काळी जमीन आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. वैशाखात तिला अशा भेगा पडतात की हात मनगटापर्यंत आत जावा. टाकीच्या भिंतीला बाहेरून मातीचा टेकू असतो, तो अशा वेळी सुटलेला असतो. पावसाळ्यात हीच माती लोण्यासारखी होते आणि वरच्या गाडीचा दाब थेट भिंतीवर ढकलते. तेव्हा कोरडी जमीन टणक म्हणून सुरक्षित, असा हिशेब काळ्या रानात चालत नाही.

साक्री, धुळे, नंदुरबारकडे गोष्ट वेगळी आहे. तिथे बेसॉल्टचा खडक अनेक ठिकाणी हाताला लागतो आणि धुळे-नंदुरबार भागात तर काळ्या दगडाच्या उभ्या भिंतींसारख्या डाइकांच्या रांगाच आहेत. खोदकामाला पोकलेनला ब्रेकर, म्हणजे खडक फोडायचा हातोडा, लावावा लागतो. ब्रेकरचे हादरे शेजारच्या विटांच्या टाकीला तडे पाडू शकतात, आणि ती टाकी शेजाऱ्याची असली तर भांडण वेगळेच. अशा ठिकाणी काम सुरू करण्याआधी शेजारच्या टाकीचे झाकण उघडून, लांबूनच, बॅटरीच्या उजेडात आतल्या पाण्याची पातळी पाहून ठेवावी. वाकून तोंड आत घालू नये. नंतर पातळी एकाएकी उतरली तर भिंत फुटली असे समजावे.

टाकी शोधणे

सर्वांत मोठा धोका वजनाचा नाही, टाकी कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसण्याचा आहे. सातबाऱ्यावर विहीर नोंदते, झाड नोंदते; टाकी नोंदत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरही, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीतही, ती नसते. शहरात बांधकाम परवानगीचा नकाशा मिळाला तर त्यात दाखवलेली असते, पण प्रत्यक्ष टाकी त्याच जागी बांधली असेल याचा भरवसा नसतो. म्हणून पहिला मार्ग विचारण्याचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘आबा, टाकी कोठे शे?’ असे विचारले की काठीने जागा दाखवली जाते, आणि ती बहुधा बरोबर निघते. टाकी बांधणारा गवंडी गावातच असेल तर त्यालाही बोलवावे.

मग खुणा पाहाव्यात. संडासाच्या मागे जाळी बांधलेला उभा पाइप असतो, तो टाकीतला वायू बाहेर सोडतो. संडासातून निघालेला ४ इंची पाइप बहुधा सरळ जातो, त्या रेषेत चेंबर आणि चेंबरच्या पुढे टाकी. उन्हाळ्यातही हिरवे राहिलेले गवत, अंगणातला किंचित खोलगट भाग आणि कोब्यावरची चौकोनी भेग हेही टाकीचाच पत्ता देतात.

शेवटी पहार. लोखंडी पहार हातात सैल धरून दर फुटावर हलकेच आपटत जायचे. भरीव जमिनीवर ‘ठक’ असा बुजलेला आवाज येतो आणि पहार हाताला झणझणते. स्लॅबवर आली की आवाज पोकळ, घुमणारा होतो. झणझणणे कमी होते. आवाज बदलला त्या प्रत्येक ठिकाणी चुन्याने ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की टाकीचा आकार उभा राहतो. पहार जोरात मारायची नाही आणि ठोकणाऱ्याने संशयाच्या जागेवर उभे राहायचे नाही. कडेने, फळीवर उभे राहायचे. एवढ्याला अर्धा तास लागतो. मशीनचे भाडे तासाने सुरू होण्याआधीच हे उरकावे.

अंतर आणि काम

चुन्याची रेघ आखली की तिच्या बाहेर दुसरी रेघ हवी. वरच्या चाकाचा दाब जमिनीत खाली जाताना बाजूला पसरत जातो. म्हणून टाकी जेवढी खोल, निदान तेवढे अंतर तिच्या बाहेरच्या भिंतीपासून सोडायचे. २ मीटर खोल टाकीपासून २ मीटर. ओल्या काळ्या मातीत त्याच्या दीडपट सोडलेले बरे. या रेघेवर बांबू रोवून लाल फडके बांधावे. नुसता दगड ठेवला तर मागे येणाऱ्या ऑपरेटरला तो दिसत नाही. मशीन मागे घेताना एक माणूस बाहेर उभा हवा, आणि ऑपरेटरने इशारा त्या एकाचाच मानायचा. घरातल्या चार जणांनी चार बाजूंनी हात हलवले की घोळ झालाच.

गाडी टाकीवरून न्यावीच लागणार असेल, आणि अरुंद गल्लीत तशी वेळ येते, तर लोखंडी प्लेट नुसती स्लॅबवर अंथरून भागत नाही. प्लेट किंवा गर्डर टाकीच्या दोन्ही भिंतींच्या पलीकडे, पक्क्या जमिनीवर टेकला पाहिजे आणि त्याने भार अधांतरी ओलांडून नेला पाहिजे. तो किती जाड हवा हे इंजिनिअरने ठरवायचे काम आहे. तेवढी सोय नसेल तर माल रस्त्यावर उतरवून घमेल्यांनी आत आणावा. मजुरी जाते, पण माणसे वाचतात.

टाकीच्या लगत खोदताना बकेट थांबवून शेवटचे २-३ फूट फावड्या-कुदळीने उकरावेत. निघालेली माती टाकीवर रचू नये. ओल्या मातीचा १ घनमीटरचा ढीग दीड-दोन टनांचा असतो. पीव्हीसी पाइप बहुधा फूट-दीड फुटावरच असतो. तो दबला की आठवडाभराने घरात संडास तुंबतो. शोषखड्ड्यावरूनही गाडी नेऊ नये. खड्डा खचला नाही तरी भोवतालची माती दाबली जाते आणि पाणी शोषायचे बंद होते. बोअर घ्यायचा असेल तर शोषखड्ड्यापासून पिण्याच्या पाण्याचा स्रोत १८ मीटर दूर असावा असे मानक सांगते. त्यामुळे बोअरची जड गाडीही आपोआप लांबच उभी राहते.

उपसा करणारी गाडी

टाकी रिकामी करून घेतली म्हणजे काम सुरक्षित झाले, हा समज उलटा आहे. भरलेल्या टाकीतले पाणी भिंतींना आतून टेकू देते, रिकाम्या टाकीला तो नसतो. ५,००० लिटरचा मैल्याचा टँकर रिकामा येतो आणि ५ टन जास्त घेऊन परततो, तोही आपणच नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीच्या शेजारून. पाइप लांब असतो, तेव्हा टँकर रस्त्यावरच उभा करावा. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आलेले असताना रिकामी प्लास्टिकची टाकी वर उचललीही जाते.

सोडून दिलेल्या टाक्या

जळगाव आणि धुळे शहरांत भुयारी गटारीची कामे झाली. स्वच्छ भारत मोहिमेत २०१४ नंतर गावोगाव नवी शौचालयेही बांधली गेली. त्यामुळे जुन्या टाक्या वापरातून जातात आणि नुसते झाकण सिमेंटने बंद करून विसरल्या जातात. अशा टाकीवर कोणाची नजर नसते, म्हणून तिची सर्वांत जास्त भीती बाळगावी. टाकी बंद करताना आतला मैला यंत्राने उपसून घ्यावा, स्लॅब बाहेरून फोडावा, तळाला पाणी जिरण्यापुरती भोके पाडावीत आणि मुरूम किंवा वाळू थराथराने भरून, पाणी मारून, दाबत वर यावे. तळाची भोके पहारीनेही वरूनच पाडायची. त्यासाठी माणूस आत उतरवायचा नाही. काळी माती भरू नये, ती पुन्हा फुगते आणि खचते.

खचल्यास

स्लॅब कुरकुरला किंवा मशीन एका बाजूला कलले तर ऑपरेटरने पट्टा सोडून उडी मारू नये. कलणारे मशीन उडी मारणाऱ्यावरच येते. मागे घेता येत असेल तर सावकाश घ्यावे, नाही तर इंजिन बंद करून केबिनमध्ये धरून बसावे. भोवतीच्या माणसांनी बिडी-काडी विझवावी, कारण टाकीतला मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळलेला असताना ठिणगीने पेट घेतो.

माणूस टाकीत पडला तर त्याच्यामागे कोणीही उतरायचे नाही. भाऊ असो, मुलगा असो, बाप असो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त असला तर नाक बधिर होऊन वासच येत नाही, आणि फार जास्त असला तर एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून उतरणारे माणूस वर येत नाही. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, अशा एकाच घरातल्या माणसांच्या मरणाच्या बातम्या दरवर्षी येतात. वरूनच दोर सोडावा, पडलेला शुद्धीवर असेल तर त्याला काखेत फास घ्यायला सांगावे, आणि लगेच १०१ किंवा ११२ वर फोन करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८. टाकीत उतरायचे काम श्वसनयंत्र आणि सुरक्षा-पट्टा असलेल्या अग्निशमन जवानांचे आहे.

टाकी साफ करायला संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा कामात मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. मशीनने फुटलेल्या टाकीतला राडारोडा काढायला मजूर उतरवणाऱ्यालाही हाच धोका पत्करावा लागतो. ते कामही बकेटने, वरूनच करावे.

नोंद ठेवणे

टाकी सापडली की कुंपणाच्या भिंतीवर ऑइलपेंटने बाण काढून अंतर लिहावे: ‘टाकी, इथून ७ फूट, खोली ६ फूट’. दोन भिंतींवरून दोन अंतरे लिहिली तर जागा नेमकी सापडते. भिंतीला रंग देताना हा मजकूर पुसू नये, हे रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवावे लागते.