तळाच्या संघाचा क्वार्टरबॅक

एप्रिलचा शेवट जवळ आला की अमेरिकेत एकही सामना नसताना अमेरिकन फुटबॉलची चर्चा ऐन भरात येते. निमित्त असतं एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टचं. कॉलेजांतून बाहेर पडणारे खेळाडू व्यावसायिक संघ एकामागून एक निवडून घेतात. आपल्याकडे अनेकांना हा प्रकार आयपीएलच्या लिलावासारखा वाटतो, पण दोन्हींचं तत्त्व वेगळं आहे. लिलावात खेळाडू चढ्या बोलीला जातो. ड्राफ्टमध्ये आधीच्या हंगामात जो संघ तळाला राहिला, त्याला पहिला मान मिळतो. (आपल्याकडेही एकदा ड्राफ्ट झाला होता. डिसेंबर २०१५ मध्ये पुणे आणि राजकोट या नव्या संघांसाठी तो भरवला, तेव्हा पुण्याने पहिल्या निवडीत धोनीला घेतलं होतं.)

२००१ ते २०२५ या पंचवीस ड्राफ्टांपैकी एकोणीस वेळा पहिल्या क्रमांकावर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, निवडला गेला. त्याआधी मात्र १९७६ ते १९८२ अशी सलग सात वर्षं गेली, ज्यांत पहिला मान एकाही क्वार्टरबॅकला मिळाला नाही. त्या वर्षांत पहिले गेले ते धावणारे, अडवणारे, पाडणारे खेळाडू. मधल्या काळात खेळाचे नियम बदलले आणि पैशाचं गणितही बदललं. बदललं नाही ते एकच. या खेळातलं सगळ्यात अवघड काम शिकायला आलेला मुलगा आजही लीगमधल्या सगळ्यात विस्कटलेल्या संघाकडे जातो. पहिल्या निवडीचे क्वार्टरबॅक का फसतात, याचं उत्तर लोक त्या मुलांच्या मनगटात आणि स्वभावात शोधतात. मला ते बऱ्याचदा त्यांच्या संघात सापडतं.

ही पद्धत सुचवली बर्ट बेल यांनी. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक, आणि त्यांचा संघ सतत हरणारा. त्या काळी कॉलेजचा खेळाडू हवा तिथे करार करू शकत असे, त्यामुळे चांगली मुलं शिकागो, न्यूयॉर्क अशा जिंकणाऱ्या आणि पैसेवाल्या संघांकडे जात. श्रीमंत संघ आणखी बळकट होत गेले तर एक दिवस लीगच बुडेल, असं बेल यांनी मे १९३५ मध्ये बाकीच्या मालकांना पटवून दिलं. बलाढ्य संघांच्या मालकांनीही ते मानलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. नऊ संघ होते, नऊ फेऱ्या झाल्या आणि ८१ नावं निवडली गेली. पहिली निवड अर्थातच बेल यांच्या ईगल्सची होती. त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरला निवडलं. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तेव्हा एवढा पैसाच नव्हता की शिकलेल्या मुलाने त्यापायी सरळ नोकरी सोडावी.

बर्वँगर हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा होता, क्वार्टरबॅक नव्हे, आणि ते त्या काळाला धरूनच होतं. तेव्हा बहुतेक संघ 'सिंगल विंग' रचनेत खेळत. त्यात चेंडू सहसा टेलबॅककडे जाई, तोच पळे आणि तोच फेके. क्वार्टरबॅक म्हणवणाऱ्याचं मुख्य काम पुढच्यांना अडवून वाट मोकळी करण्याचं. हे चित्र उलटलं ते 'टी' रचनेने. त्यात क्वार्टरबॅक थेट सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या, मागे उभा राहतो, प्रत्येक डावाची सुरुवात त्याच्या हातून होते, आणि चेंडू द्यायचा, फेकायचा की स्वतः पळायचं हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. ८ डिसेंबर १९४० रोजी अंतिम सामन्यात सिड लकमनच्या शिकागो बेअर्सनी याच रचनेने वॉशिंग्टनचा ७३-० असा धुव्वा उडवला. मग हळूहळू सगळेच त्या वाटेला लागले.

१९४४ मध्ये बॉस्टन यँक्सनी नोत्र दामच्या अँजेलो बर्टेलीला पहिल्या क्रमांकावर निवडलं. 'टी' रचनेत घडलेला हा क्वार्टरबॅक तेव्हा मरीन दलात भरती झाला होता. युद्धाहून परतल्यावर तो एका स्पर्धक लीगमध्ये खेळला, एनएफएलमध्ये आलाच नाही. पुढच्या वीस वर्षांत आणखी बरेच क्वार्टरबॅक पहिले निवडले गेले. त्यातलं एक वर्ष मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे.

१९५५ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सनी ऑरेगॉनच्या जॉर्ज शॉला पहिला मान दिला. त्याच ड्राफ्टच्या नवव्या फेरीत पिट्सबर्ग स्टीलर्सनी जॉनी युनायटस नावाच्या मुलाला घेतलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आत घरी पाठवलं. युनायटस बांधकामावर काम करू लागला आणि सामन्याला सहा डॉलर घेऊन स्थानिक संघाकडून खेळू लागला. पुढच्या वर्षी कोल्ट्सनी त्याला राखीव म्हणून बोलावलं. शॉ जखमी झाला, युनायटस मैदानात उतरला, त्याचा पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याने झेलला आणि थेट गोलरेषेपलीकडे नेऊन टचडाउन केला. तरीही शॉला ती जागा परत मिळाली नाही. कोल्ट्सनी युनायटसच्या जोरावर १९५८ आणि १९५९ ची अजिंक्यपदं जिंकली.

पंचेचाळीस वर्षांनी जवळजवळ असंच घडलं. १९९३ मध्ये पहिल्या क्रमांकाने न्यू इंग्लंडला आलेला ड्रू ब्लेडसो सप्टेंबर २००१ मध्ये एका धडकेत जबर जखमी झाला. त्याच्या जागी जो आला तो सहाव्या फेरीत १९९ व्या क्रमांकावर निवडलेला टॉम ब्रेडी. त्याच हंगामात संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. पहिली निवड म्हणजे पहिला हक्क, यापलीकडे तिची हमी काहीच नसते, हे या दोन जखमांनी दाखवून दिलं.

१९७० चा पहिला मान नाणेफेकीवर ठरला. स्टीलर्स आणि बेअर्स दोघेही आधीच्या हंगामात चौदांपैकी एकच सामना जिंकलेले. बेअर्सनी छापा मागितला, काटा पडला, आणि लुइझियाना टेकचा टेरी ब्रॅडशॉ पिट्सबर्गला गेला. पहिल्या हंगामात त्याचे टचडाउन पास सहा आणि इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास, चोवीस! आज असे आकडे आले तर त्या पोराला शहरात तोंड दाखवणं मुश्किल होईल. ब्रॅडशॉलाही प्रेक्षकांनी हिणवलं, मधल्या काळात त्याला बाकावरही बसावं लागलं. पण प्रशिक्षक चक नोल हलले नाहीत आणि आजूबाजूचा संघ वर्षागणिक भरत गेला. पुढे त्याने चार सुपर बोल जिंकले.

१९७१ मध्ये तर पहिले तिन्ही क्रमांक क्वार्टरबॅकचे होते. पहिला जिम प्लंकेट, दुसरा आर्ची मॅनिंग, तिसरा डॅन पास्टोरिनी. मॅनिंगची कारकीर्द हरणाऱ्या न्यू ऑर्लिन्समध्ये मार खाण्यात गेली. त्याच्या घराकडे पुन्हा यावंच लागेल. प्लंकेटने दोन सुपर बोल जिंकले, पण ज्या संघाने निवडलं त्याच्यासाठी नव्हे. पडत-झडत तो तिसऱ्या संघात, रेडर्सकडे पोहोचल्यावर.

खरा कलाटणीचा काळ १९७८ चा. त्या वर्षी दोन नियम बदलले. पास झेलायला पळणाऱ्या खेळाडूला पाच यार्डांपलीकडे धक्काबुक्की करायला बचावपटूंना मनाई झाली, आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात लांब करून, पंजे उघडे ठेवून अडवायची मुभा मिळाली. फेकणाऱ्याला वेळ मिळाला, झेलणाऱ्याला जागा मिळाली. धावून जिंकण्याचा खेळ फेकून जिंकण्याचा होऊ लागला आणि क्वार्टरबॅकचा भाव चढला.

१९८३ मध्ये स्टॅनफर्डचा जॉन एल्वे निवडीआधीच सांगून मोकळा झाला की बाल्टिमोरकडून मी खेळणार नाही. त्याच्याकडे बेसबॉलचा पर्याय होता, यँकीज संघाशी त्याचा करार होता. कोल्ट्सनी तरीही त्याला निवडलं आणि आठवड्याभरात डेन्व्हरला देऊन टाकलं. २००४ मध्ये आर्ची मॅनिंगचा धाकटा मुलगा इलाय याने सॅन डिएगोला असाच नकार दिला आणि ड्राफ्टच्याच दिवशी त्याची न्यूयॉर्क जायंट्सशी अदलाबदल झाली. या दोघांवर तेव्हा हट्टीपणाचा शिक्का बसला. वडिलांची पाठ वर्षानुवर्षं जमिनीला लागलेली ज्या घराने पाहिली, त्या घरातल्या मुलाने संघ पारखून घ्यावा यात मला तरी काही वावगं वाटत नाही. दोघांनीही पुढे दोन-दोन सुपर बोल जिंकले.

२०२५ पर्यंतचा हिशेब मांडला तर पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या सात जणांनी मुख्य क्वार्टरबॅक म्हणून सुपर बोल जिंकला आहे: ब्रॅडशॉ, प्लंकेट, एल्वे, ट्रॉय एकमन, पेटन मॅनिंग, इलाय मॅनिंग आणि मॅथ्यू स्टॅफर्ड. यांपैकी ज्या संघाने निवडलं त्याच संघाला तो मिळवून देणारे तीनच, ब्रॅडशॉ, एकमन आणि पेटन. स्टॅफर्ड डेट्रॉइटमध्ये बारा हंगाम झिजला आणि रॅम्सकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी जिंकला.

त्या तिघांना काय मिळालं? एकमनने १९८९ मध्ये अकरा सामन्यांची सुरुवात केली आणि अकराही हरला. पण त्याच्या डॅलस संघाने त्याच वर्षी आपला खेळाडू हर्शेल वॉकर दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात ड्राफ्टमधल्या निवडींचा ढीग मिळवला आणि त्यातून त्याच्याभोवती संघ उभा केला. पेटन मॅनिंग १९९८ मध्ये आला. तेव्हा तो की रायन लीफ, यावर महिनोन्महिने वाद झडला होता. पहिल्या हंगामात पेटनचे २८ इंटरसेप्शन झाले आणि संघाने तीन सामने जिंकले. पुढच्या वर्षी तेरा सामने जिंकले. दुसऱ्या क्रमांकाने सॅन डिएगोला गेलेला लीफ मात्र काही वर्षांतच लीगबाहेर पडला. पेटनची बुद्धी आणि मेहनत वादातीत आहे. पण त्याच्या पहिल्या दिवसापासून टॉम मूर हे एकच आक्रमण प्रशिक्षक दहा वर्षांहून अधिक काळ त्याच्याबरोबर होते, हे कमी सांगितलं जातं.

त्याच्यासमोर ॲलेक्स स्मिथला ठेवून पाहा. २००५ ची पहिली निवड, सॅन फ्रान्सिस्को. पहिल्या पाच हंगामांत पाच वेगळे आक्रमण प्रशिक्षक! दर वर्षी नवी परिभाषा, नव्या चाली, नवं पाठांतर. २०११ मध्ये जिम हार्बॉ मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि त्याच स्मिथसह संघाने सोळापैकी तेरा सामने जिंकले. किंवा डेव्हिड कार. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा संघच नवा होता. त्यांनी पहिला क्वार्टरबॅक आणला आणि त्या एका हंगामात तो ७६ वेळा चेंडूसकट पाडला गेला. तो लीगचा विक्रम झाला. त्या मुलाबद्दल मला अजूनही हळहळ वाटते.

२००१ ची निवड आणखी एका कारणाने मोठी आहे. अटलांटाने घेतलेला मायकेल विक हा पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. ६५ वर्षं लागली. त्याआधी कितीतरी कृष्णवर्णीय मुलांना फेकणारा हात असूनही दुसऱ्या जागी ढकललं गेलं. १९७८ चा रोझ बोल हा कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना गाजवणाऱ्या वॉरन मूनला तर एकाही संघाने निवडलं नव्हतं. तो कॅनडात गेला, तिथे पाच अजिंक्यपदं जिंकला आणि मगच एनएफएलचं दार उघडलं.

पैशाचं गणित २०११ मध्ये फिरलं. २०१० च्या सॅम ब्रॅडफर्डच्या करारात पाच कोटी डॉलरची हमी होती. आदल्या काही वर्षांत रेडर्सनी जामार्कस रसेलवर असाच पैसा ओतला होता आणि तीन हंगामांत त्याला सोडूनही दिलं होतं. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या नव्या करारनाम्याने नवोदितांच्या पगाराला चौकट घातली. कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी मिळाले. मुरलेला क्वार्टरबॅक जेवढं घेतो त्याच्या मानाने हे स्वस्त. वाचलेल्या पैशात बाकीचा संघ बांधता येतो. त्यामुळे पहिल्या निवडीची हाव वाढली आणि सौदे फुगले.

त्याचा कळस २०२३ मध्ये झाला. कॅरोलायना पँथर्सनी पहिला क्रमांक मिळवण्यासाठी बेअर्सना आपला उत्तम रिसीव्हर (पास झेलणारा) डी. जे. मूर आणि चार निवडी दिल्या, त्यांत २०२४ ची पहिल्या फेरीची निवडही होती. त्यांनी ब्राइस यंगला घेतलं. पण हाताशी मूर नव्हता, संघ तळाला गेला, आणि दिलेली ती निवडच २०२४ ची पहिली निवड ठरली. तिच्यावर बेअर्सनी केलेब विल्यम्सला आणलं.

२०१६ पासून २०२५ पर्यंत आठ क्वार्टरबॅक पहिल्या क्रमांकाने आले. त्यांपैकी सहा जणांच्या पहिल्याच हंगामात, तो संपायच्या आत, त्यांच्या मुख्य प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आलं. गॉफ, मेफील्ड, लॉरेन्स, यंग, विल्यम्स आणि २०२५ चा कॅम वॉर्ड. उरले दोन, कायलर मरे आणि जो बरो. बरोचा सिनसिनाटीमध्ये पहिला हंगाम गुडघा फुटून अर्ध्यावर संपला. संघाने चारच सामने जिंकले होते, तरी प्रशिक्षक झॅक टेलर यांना ठेवलं. पुढच्या हंगामात दोघे सुपर बोलपर्यंत गेले.