बिंदुनामावली

शासकीय, निमशासकीय व अनुदानित संस्थांच्या नोकरभरतीत कोणते पद कोणत्या प्रवर्गातून भरायचे हे ठरवणारी क्रमवार नोंदवही. कार्यालयांत तिला सर्रास ‘रोस्टर’ म्हणतात. तिच्यातील प्रत्येक क्रमांकाला ‘बिंदू’ म्हणतात. नामावली संवर्गनिहाय, म्हणजे एकाच प्रकारच्या पदांच्या गटानुसार असते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांची वेगळी, आरोग्य सेवकांची वेगळी, कनिष्ठ सहायकांची वेगळी. गुणवत्ता मोठी की सामाजिक प्रतिनिधित्व, हा वाद भरतीच्या संदर्भात नेहमी होतो. प्रत्यक्ष भरतीत मात्र या दोन गोष्टी वेगवेगळ्या टप्प्यांवर येतात. जागा कोणत्या प्रवर्गाची हे बिंदू ठरवतो आणि त्या जागेवर कोण बसणार हे गुणानुक्रम ठरवतो. या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील सरळसेवा (बढतीने नव्हे, थेट) भरतीचा विचार केला असून उदाहरणे सातारा-सांगली भागातील आहेत.

उगम : कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी काढलेला आदेश हा या पद्धतीचा आरंभ होय, असे मत प्रचलित आहे. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडमध्ये होते. रिक्त होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांना द्याव्यात, असा त्या आदेशाचा आशय म्हणून सांगितला जातो. तो बरोबर असला तरी अपुरा आहे. ज्या कार्यालयात मागासवर्गीय अधिकाऱ्यांचे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी आहे तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातून करावी, असेही त्यात होते आणि खातेप्रमुखांनी दर तिमाहीस नेमणुकांचा तक्ता पाठवावा अशी तरतूद होती. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व अन्य पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व जाती त्यात मागास धरल्या होत्या.

या आदेशातून आजची नामावली सरळ निघाली असे मानणाऱ्यांचा भर तिमाही तक्त्यावर असतो. बिंदूंची क्रमवार यादी मात्र आदेशात नाही. शिवाय तो कोल्हापूर संस्थानापुरता होता. सातारा १८४८ मध्ये खालसा होऊन ब्रिटिश जिल्हा झाला होता आणि सांगली हे पटवर्धनांचे स्वतंत्र संस्थान होते. म्हणजे ज्या मुलखाची उदाहरणे येथे घेतली आहेत तेथे हा आदेश कधी लागूच नव्हता. मुंबई इलाख्यात स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात मागासवर्गांचे तीन गट पाडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. बिंदूंचा तक्ता हे साधन मात्र स्वातंत्र्योत्तर केंद्रीय प्रशासनात घडले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९७० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींचे प्रमाण साडेबारावरून १५ टक्के आणि जमातींचे ५ वरून साडेसात टक्के केले. पुढे ४० बिंदूंची नामावली दीर्घकाळ वापरात राहिली. मात्र शाहू महाराजांच्या आदेशातील ‘प्रमाण कमी असेल तेथे’ ही अट पुढील कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. हिशेब रिक्त जागांचा करावा की एकूण पदांचा, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आधीच आले होते. न्यायालयांना तेथे पोचायला १९९५ उजाडले.

रिक्त जागा की पदे : जुन्या पद्धतीत नामावली रिक्त जागांवर फिरत असे. १०० पदांचा संवर्ग भरून झाला की पुढे जी जागा रिकामी होईल तिला पुन्हा पहिल्या बिंदूपासून क्रमांक मिळे, मग ती कोणाच्याही निवृत्तीने रिकामी झालेली असो. खुल्या प्रवर्गातील ज्येष्ठ मंडळी एकामागून एक निवृत्त झाली आणि त्या जागा आरक्षित बिंदूंवर पडल्या, तर आरक्षित प्रवर्गांचे प्रमाण ठरलेल्या टक्क्यांपुढे जाई. आरक्षित प्रवर्गाचे लोक एकदम निवृत्त झाले की उलट घडे. मागील वर्षांचा अनुशेष (न भरलेल्या आरक्षित जागा) पुढे ओढण्याच्या नियमाने गुंतागुंत आणखी वाढली. देवदासन प्रकरणात ४५ पैकी २९ जागा आरक्षित झाल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम अवैध ठरवला.

आर. के. सभरवाल विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० फेब्रुवारी १९९५ रोजी हा घोळ मिटवला. टक्केवारी पदांना लागू होते, रिक्त जागांना नाही. नामावली एकदाच चालते आणि सर्व बिंदू भरले की थांबते. पुढे ज्या बिंदूवरची व्यक्ती जाईल त्याच बिंदूच्या प्रवर्गातून तिची जागा भरायची. गुणवत्तेवर खुल्या जागेत निवडलेला मागासवर्गीय उमेदवार आरक्षित कोट्यात मोजायचा नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. केंद्राने २ जुलै १९९७ च्या आदेशाने पदाधारित नामावली आणली. महाराष्ट्रात सरळसेवेसाठी १०० बिंदूंची नामावली २९ मार्च १९९७ च्या शासन निर्णयाने आली.

बिंदू कसे ठरतात : केंद्राच्या नामावलीत बिंदू निव्वळ भागाकाराने येतात. इतर मागासवर्गास २७ टक्के, म्हणून १०० भागिले २७ म्हणजे ३.७० आणि पहिला बिंदू चौथा. अनुसूचित जातींना १५ टक्के, भागाकार ६.६७, बिंदू सातवा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचा दहावा. जमातींचा १३.३३ वरून चौदावा. महाराष्ट्राची रचना निराळी आहे. येथे प्रवर्ग जास्त आणि काहींचे प्रमाण फार लहान. केंद्राची रीत वापरली तर दोन टक्क्यांच्या प्रवर्गाला पन्नासाव्या पदापर्यंत थांबावे लागेल. म्हणून १९९७ च्या नामावलीत पहिला बिंदू अनुसूचित जातीचा ठेवून सुरुवातीला साधारणपणे एकाआड एक आरक्षित व खुला अशी मांडणी केली आणि लहान प्रवर्ग वर घेतले.

२००१ चा राज्य आरक्षण अधिनियम २९ जानेवारी २००४ पासून अमलात आला. त्यानुसार अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती (अ) ३, भटक्या जमाती (ब) २.५, (क) ३.५, (ड) २, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९, असे ५२ टक्के होतात. विमुक्त व भटक्यांच्या चार गटांत उमेदवार न मिळाल्यास जागा आपसांत फिरवता येते. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात धनगर (क) व रामोशी (अ) वस्ती मोठी असल्याने ही तरतूद तेथील उमेदवारांना चांगली पाठ असते. पुढे आर्थिक दुर्बल घटकांचे १० आणि २०२४ च्या अधिनियमाने सामाजिक व शैक्षणिक मागासवर्गाचे १० टक्के आले. खुल्या प्रवर्गास २८ उरले. पालघर, नाशिक, धुळे, नंदुरबार, रायगड, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या आदिवासीबहुल जिल्ह्यांत गट क व ड साठी प्रमाण वेगळे आहे. सातारा-सांगलीत राज्याचेच प्रमाण चालते.

नामावलीवाचून नुसत्या टक्केवारीवर भागत नाही, हे २० पदांच्या संवर्गावरून दिसते. वरील क्रमाने आठ प्रवर्गांचा वाटा २.६, १.४, ०.६, ०.५, ०.७, ०.४, ०.४ व ३.८ येतो, त्यानंतरच्या दोघांचा प्रत्येकी २ आणि खुला ५.६. रूढ पद्धतीने पूर्णांक केले तर बेरीज २१ होते, म्हणजे मंजूर पदांपेक्षा एक जास्त, आणि दोन प्रवर्गांच्या वाट्याला शून्य येते. कोणाचा अपूर्णांक आता द्यायचा आणि कोणाचा पुढच्या पदापर्यंत थांबवायचा, हे बिंदूंचा क्रम ठरवतो. संवर्गात एकच पद असेल तर मात्र आरक्षण लागूच होत नाही. अतिविशेषज्ञ पदे, प्रतिनियुक्तीची पदे आणि ४५ दिवसांहून कमी मुदतीच्या नेमणुकाही अधिनियमाबाहेर आहेत.

नोंदवही लिहिणे : प्रथम मंजूर पदसंख्या निश्चित करतात. शाळांत ती संचमान्यतेवरून (पटसंख्येनुसार मंजूर होणाऱ्या पदांवरून) येते, इतरत्र आकृतिबंधावरून (कार्यालयाच्या मंजूर पदरचनेवरून). मग कार्यरत कर्मचारी नियुक्तीच्या दिनांकाप्रमाणे लावून ज्याच्या-त्याच्या प्रवर्गाच्या बिंदूसमोर नाव, जात, नियुक्तीचा प्रवर्ग, जात वैधता प्रमाणपत्राचा क्रमांक व निवृत्तीचा दिनांक लिहितात. शेवटी गोषवारा : प्रवर्गनिहाय देय पदे, भरलेली, रिक्त, अनुशेष, अतिरिक्त. पुणे विभागातील नामावल्या विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्षाच्या सहायक आयुक्तांकडून तपासून घ्याव्या लागतात. या कक्षाला सगळे ‘मावक’ म्हणतात. रोस्टर तपासून आल्याशिवाय जाहिरात निघत नाही. साताऱ्यात मुख्यालय असलेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या अनेक जिल्ह्यांत शाखा असलेल्या संस्थांना हे काम एकाच शाळेच्या मानाने कितीतरी पट मोठे पडते.

चुका बहुधा येथेच होतात आणि त्याच पुढे ‘गुणवत्ता विरुद्ध आरक्षण’ या नावाने न्यायालयात जातात. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे ओपनमधून लागलेला मागासवर्गीय कर्मचारी त्याच्या जातीवरून आरक्षित बिंदूवर दाखवणे. कागदावर तो प्रवर्ग ‘अतिरिक्त’, म्हणजे देय पदांपेक्षा जास्त भरलेला ठरतो आणि पुढच्या भरतीत त्याची जागा निघत नाही. दुरुस्तीसाठी मूळ निवड यादी लागते, कारण नेमणूक आदेशात बिंदू लिहिलेला असतोच असे नाही. तीस वर्षांपूर्वीची निवड यादी दप्तरात सापडली नाही की सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर विसंबावे लागते. दुसरी चूक नंतर मिळालेल्या जातीच्या दाखल्यावरून बिंदू बदलण्याची. सर्वसाधारण नियम असा, की नियुक्ती ज्या बिंदूवर झाली तो दाखल्याने बदलत नाही.

तिसरे कारण बदल्यांचे. कोकणात नेमणूक मिळालेले पश्चिम महाराष्ट्रातील शिक्षक आंतरजिल्हा बदलीने सातारा, सांगलीकडे येऊ पाहतात. येणाऱ्याच्या प्रवर्गाचा बिंदू इथे रिकामा असावा लागतो. तो नसताना माणूस घेतला की तो प्रवर्ग अतिरिक्त होतो आणि त्या प्रवर्गातील नव्या उमेदवाराची वाट त्या जिल्ह्यात बंद होते. संचमान्यतेत पदे घटली की हेच उलट बाजूने घडते.

निवड यादी लावणे : आधी खुल्या जागांची यादी करतात. तीत सर्व प्रवर्गांतील उमेदवार निव्वळ गुणांवर येतात. वयाची किंवा अन्य सवलत घेतलेल्यांना खुल्या जागेवर येता येते की नाही, हे त्या-त्या भरतीच्या नियमांवर अवलंबून आहे. दीपा ई. व्ही. प्रकरणात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या नियमातील मनाई मान्य केली, तर त्याआधी जितेंद्रकुमार सिंग प्रकरणात (२०१०) उत्तर प्रदेशाच्या नियमांखाली निकाल उलट होता. खुली यादी झाल्यावर उरलेल्यांतून प्रवर्गनिहाय याद्या निघतात. हा क्रम उलटवून आधी आरक्षित जागा भरल्या, तर त्या प्रवर्गातील वरचे गुण असलेले उमेदवार कोट्यातच खर्ची पडतात आणि खुली यादी फक्त अनारक्षितांची होऊन बसते.

त्यानंतर समांतर आरक्षण, म्हणजे सर्व जातप्रवर्गांना छेदून जाणारे आरक्षण. महिला ३० टक्के, माजी सैनिक १५, खेळाडू ५, प्रकल्पग्रस्त ५, दिव्यांग ४, भूकंपग्रस्त २, अनाथ १ अशी ही आडवी विभागणी आहे. साताऱ्यात यांतील प्रकल्पग्रस्त व भूकंपग्रस्त या प्रकारांना विशेष वजन आहे. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी या धरणांमुळे प्रकल्पग्रस्त दाखलेधारक पुष्कळ आहेत आणि ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपामुळे पाटण तालुक्यात भूकंपग्रस्त दाखल्याची मागणी कायम असते. प्रकल्पग्रस्त दाखल्यावर कुटुंबातील एकाच नामनिर्देशित व्यक्तीस लाभ मिळतो. कोणाचे नाव लावायचे यावरून भावाभावांत होणारी भांडणे तहसीलदारांना नवीन नाहीत.

महिलांसारखे समांतर आरक्षण प्रत्येक प्रवर्गाच्या आतच पाहायचे असते. समजा इतर मागासवर्गाच्या १० जागा आहेत, त्यांत महिलांच्या ३. गुणानुक्रमाने पहिल्या दहांत दोन महिला आल्या, तर यादीतील शेवटचा पुरुष वगळून त्याच प्रवर्गातील पुढची महिला घ्यायची. दहांत तीन किंवा चार महिला आधीच असतील, तर काहीही बदलायचे नाही. काही कार्यालये आधी सात जागा भरून मग तीन महिला वेगळ्या घेतात. राजेशकुमार दारिया प्रकरणात (२००७) ही पद्धत चुकीची ठरली. खुल्या प्रवर्गातील महिलांच्या जागेवर मागासवर्गीय महिला गुणांवर येऊ शकते का, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. सौरव यादव प्रकरणाने (१८ डिसेंबर २०२०) येऊ शकते असे ठरवले. खुला प्रवर्ग हा कोणा एका वर्गाचा कोटा नाही, हा त्याचा आधार.

गुणवत्तेचा अर्थ : अनुच्छेद १६(४) प्रतिनिधित्वाची मुभा देते आणि अनुच्छेद ३३५ प्रशासनाची कार्यक्षमता लक्षात घ्यायला सांगते. या दोन तरतुदी परस्परविरोधी आहेत, असे एके काळी सरसकट मानले जाई. बी. के. पवित्रा (२०१९) व नील ऑरेलियो नुन्स (२०२२) या निकालांत परीक्षेतील गुणांपुरती गुणवत्ता मर्यादित करता येत नाही, अशी भूमिका घेतली गेली. पात्रतेची किमान अट मात्र सर्वांना लागते. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांतून निम्मे मिळवल्याशिवाय कोणत्याच प्रवर्गाचा उमेदवार लेखी परीक्षेला जात नाही.

खासगी उद्योग : सातारा, कराड, मिरज, कुपवाड येथील औद्योगिक वसाहतींतील खासगी कारखान्यांना बिंदुनामावली लागू नाही. सरकारी भागभांडवल असलेल्या सहकारी संस्था अधिनियमाच्या व्याख्येत येतात.

जात वैधता : आरक्षित बिंदूवरील नेमणूक वैधता प्रमाणपत्रावर टिकून असते. दावा अवैध ठरल्यास प्रदीर्घ सेवाही संरक्षण देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये जगदीश बहिरा प्रकरणात सांगितले. त्यानंतर २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना ११ महिन्यांच्या अधिसंख्य (मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या) पदांवर वर्ग करण्यात आले आणि त्यांचे मूळ बिंदू त्या-त्या प्रवर्गासाठी रिक्त धरले गेले.